परवाना विमानतळाला, कागद माणसाला

विमान उडवायला परवाना लागतो. दुरुस्तीनंतर विमान उडायला योग्य आहे अशी सही करणाऱ्या अभियंत्याला लागतो, मनोऱ्यात बसून विमानांना वाट देणाऱ्या नियंत्रकालाही लागतो. विमानतळ चालवणाऱ्या माणसासाठी मात्र भारतात असा वैयक्तिक परवानाच नाही. नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीए परवाना देते तो विमानतळाला. तोही धावपट्टी, दिवे, अग्निशमन दल, कुंपण आणि एरोड्रोम मॅन्युअल नावाचा जाडजूड ग्रंथ तपासून. कामावरची माणसे लायक आहेत हे विमानतळाने दाखवायचे असते. ‘एअरपोर्ट मॅनेजर’ नावाची सरकारी सनद कुणाच्या भिंतीवर टांगलेली सापडणार नाही.

ही जागा मोकळी राहिली आणि तिथे कागदांचा बाजार भरला. बसस्थानकासमोर पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या क्लासपासून माँट्रियलमधल्या आंतरराष्ट्रीय संघटनेपर्यंत सगळेच ‘एअरपोर्ट मॅनेजमेंट’ हे दोन शब्द वापरतात. बारावी झालेल्या मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी यातला फरक ओळखायचा कसा?

सांगली जिल्ह्यातल्या एका तरुणाला तो नोकरीला लागल्यावर कळला. उसाचे बिल जमा झाले तेव्हा वडिलांनी एका खासगी संस्थेची वर्षाची फी एकरकमी भरली. संस्थेत लंडन, दुबई, टोकियोची वेळ दाखवणारी घड्याळे होती, टाय बांधायला शिकवत होते, इंग्रजीत घोषणा पाठ करून घेत होते. विमानतळांचे तीन अक्षरी कोड तोंडपाठ झाले. माहितीपत्रकावर ‘डीजीसीए मान्य’ असे छापले होते, आणि कशाची मान्यता हे घरात कुणी विचारले नव्हते. डीजीसीएची मान्यता असते ती उड्डाण प्रशिक्षण, विमान देखभाल अभियंते अशा परवान्यापर्यंत नेणाऱ्या शिक्षणाला. ज्या पदाला परवानाच नाही, त्याच्या डिप्लोमाला डीजीसीए मान्यता कशाची देणार?

शंभर टक्के नोकरीचा शब्द संस्थेने पाळला, हे तो स्वतःच सांगतो. नोकरी मिळाली ग्राउंड हँडलिंगच्या कंपनीत, रॅम्पवर. बॅगांच्या ट्रॉल्या, विमानाच्या पोटात सामान लावणे, पावसात रेनकोट घालून उभे राहणे. या कामाला तो कमी लेखत नाही, कारण विमानतळ त्याला तिथेच कळला. पण ही नोकरी त्याच्या बरोबरीने लागलेल्या, कुठलाही डिप्लोमा नसलेल्या मुलांनाही मिळाली होती, आणि पगार सारखाच होता.

कंपनीने पहिल्या दिवशी डिप्लोमाची झेरॉक्स घेतली आणि फाइलला लावली. खरी धावपळ पुढे होती: पोलीस पडताळणी, नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा म्हणजे बीसीएएसचा एअरपोर्ट एंट्री परमिट, ॲव्हसेकचे सुरक्षा प्रशिक्षण, आणि रॅम्पवर गाडी चालवायची तर वेगळा एअरसाइड ड्रायव्हिंग परमिट. हे सगळे नोकरीला बांधलेले असते. एंट्री परमिटसाठी अर्ज कंपनी करते, विमानतळाच्या कुठल्या भागात फिरता येईल ते कार्डावर ठरलेले असते, आणि नोकरी सुटली की कार्ड परत द्यावे लागते. म्हणून गावाकडची मुले विचारतात, ‘दादा, कोर्ससोबत एअरपोर्टचा पासपण काढून देतो म्हणालेत, जाऊ का?’ तेव्हा त्याचे उत्तर तयार असते. असा पास कोर्ससोबत देता येत नाही. जो देतो म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जायचे नाही.

व्यवस्थापन म्हणजे काय, याचा धडा त्याला 2019च्या जुलैत मिळाला. 1 जुलैच्या रात्री, मुसळधार पावसात, जयपूरहून आलेले स्पाइसजेटचे बोइंग 737 मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या टोकापलीकडे गेले आणि चिखलात रुतले. मुंबईत 09/27 आणि 14/32 या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. याच विमानतळाने 5 जून 2018 रोजी एका दिवसात 1003 विमाने हाताळली होती. आता मुख्य धावपट्टी बंद झाली आणि सगळा भार दुसरीवर आला, जिची क्षमता मुळातच कमी. शेकडो उड्डाणे रद्द झाली. मुख्य धावपट्टी सुरू व्हायला 5 जुलै उजाडला.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, विमान ओढून काढायला एवढे दिवस? भिजलेल्या जमिनीत रुतलेले विमान नुसते ओढले तर चाकांचे सांगाडे मोडतात, पंखातले इंधन आणि सामान आधी उतरवावे लागते, चाकांखाली रस्ता तयार करावा लागतो. अपघाताची चौकशी करणाऱ्यांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय विमानाला हात लावता येत नाही. तोवर वैमानिकांसाठी सूचना निघतात, वेळापत्रक पुन्हा मांडले जाते, टर्मिनलमध्ये अडकलेल्यांना पाणी द्यायचे कुणी यावर वाद होतात. निकामी विमान हटवण्याची योजना आधीच लिहून ठेवावी, अशी अपेक्षा आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, चौदाव्या परिशिष्टातच आहे. रॅम्पवरच्या या तरुणाने ‘परिशिष्ट चौदा’ हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकले. वर्षभराच्या डिप्लोमात परिशिष्ट चौदाचा उच्चारही झाला नव्हता.

नोकरी करत त्याने पदवी पूर्ण केली, ऑपरेशन्समध्ये शिरला, आणि मग खऱ्या अर्थाच्या व्यावसायिक प्रमाणपत्राकडे वळला. जगभरच्या विमानतळांची संघटना एअरपोर्ट्स काउन्सिल इंटरनॅशनल आणि आयकाओ मिळून 2007 पासून विमानतळ व्यवस्थापकांसाठी एक मानांकन चालवतात. सहा अभ्यासक्रम, त्यातले चार सक्तीचे, दोन निवडीचे. तीन वर्षांत सगळे पूर्ण केले की नावापुढे ‘आयएपी’, म्हणजे इंटरनॅशनल एअरपोर्ट प्रोफेशनल, लावता येते. परिचालन, सुरक्षितता आणि सुरक्षा. नियोजन आणि पर्यावरण. महसूल आणि वित्त असे विषय. वर्गात केनियाचा माणूस असतो, ओमानचा असतो, आणि चर्चेत प्रत्येकाने आपल्या विमानतळाचा दाखला द्यायचा असतो. इथेच नुसत्या पाठांतराची गोची होते. ज्याने विमानतळावर दिवस काढलेले नाहीत त्याच्याकडे दाखला येणार कुठून?

अमेरिकेतली वाट वेगळी. तिथल्या विमानतळ अधिकाऱ्यांची संघटना, एएएई, 1928 सालची. तिची पहिली पायरी ‘सर्टिफाइड मेंबर’, म्हणजे बहुपर्यायी प्रश्नांची लेखी परीक्षा. पुढची ‘ॲक्रेडिटेड एअरपोर्ट एक्झिक्युटिव्ह’, आणि तिथे शेवटी अनुभवी अधिकाऱ्यांच्या मंडळासमोर तोंडी परीक्षा. तिकडच्या मराठी मुलांनी ही वाट खुशाल घ्यावी. पुण्यात बसून ती परीक्षा द्यायची म्हणणाऱ्यांनी मात्र थांबून विचार करावा, कारण अभ्यासाचा मोठा भाग अमेरिकेच्या पार्ट 139 नियमांचा आणि तिथल्या अनुदान पद्धतीचा आहे. लोहगावला त्याचा काय उपयोग? तिथे तर धावपट्टी हवाई दलाची आणि प्रवाशांसाठी फक्त टर्मिनलचा भाग नागरी.

ज्यांना सरकारी दारानेच आत जायचे आहे त्यांच्यासाठी हा तरुण एक गोष्ट ठासून सांगतो. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या कनिष्ठ अधिकारी भरतीत एअरपोर्ट ऑपरेशन्ससाठी अभियांत्रिकी पदवी, किंवा विज्ञानाची पदवी आणि वर एमबीए, अशी अट असते. हवाई वाहतूक नियंत्रणासाठी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी किंवा अभियांत्रिकी. सहा महिन्यांचा डिप्लोमा या रकान्यात बसत नाही. बारावीनंतर हातात पैसे असतील तर ते आधी पदवीवर घालावेत, असे त्याचे मत आहे आणि ते पटण्यासारखे आहे. विमान वाहतुकीतच शिकायचे असेल तर उत्तर प्रदेशात फुरसतगंजला संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले राजीव गांधी राष्ट्रीय विमानचालन विद्यापीठ आहे. आणि भरतीच्या नावाखाली कुणी अनामत मागत असेल तर तिथेच फोन ठेवावा. प्राधिकरण आणि विमान कंपन्या याबद्दल वारंवार इशारे देत असतात.

नवी मुंबईच्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमाने उडू लागली, मोपाहून 2023 च्या जानेवारीपासून उडतात, अमरावतीहून 2025 च्या एप्रिलपासून. विमानतळ वाढले तसे पोस्टरही वाढले. संस्था पारखायची त्याची एक युक्ती आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. समुपदेशकाकडे नोट्स मागायच्या आणि तीन गोष्टी शोधायच्या. विमानाचा भार धावपट्टीला पेलतो का, हे मोजण्याची एसीएन-पीसीएन ही जुनी पद्धत जाऊन नोव्हेंबर 2024 पासून एसीआर-पीसीआर आली आहे. नोट्समध्ये कुठली आहे? ओल्या धावपट्टीची स्थिती कळवण्याचा जागतिक नमुना नोव्हेंबर 2021 मध्ये बदलला. त्याचा उल्लेख आहे का? आणि कायदा म्हणून अजून 1934 चाच विमान कायदा शिकवतात, की 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेला भारतीय वायुयान अधिनियम? त्याच्या चुलतबहिणीने एका नामांकित म्हणवणाऱ्या ठिकाणी हे विचारले. समोरच्या मॅडमनी हॉस्टेलचे फोटो दाखवले.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. आयएपीची फी डॉलरमध्ये असते आणि स्वतःच्या खिशातून भरणे जड जाते, म्हणून बहुतेकांची फी विमानतळ कंपनीच भरते. त्यासाठी वरिष्ठांकडे अर्ज करावा लागतो, आणि अर्जात ‘माझ्या प्रगतीसाठी’ असे लिहून काही होत नाही. आपल्या विमानतळावरच्या कुठल्या अडचणीवर हा अभ्यासक्रम उपयोगी पडेल ते लिहावे लागते. त्याने पावसाळ्यातल्या रॅम्पबद्दल लिहिले होते. मंजुरी मिळाली, तीही बाँडसह: मधेच नोकरी सोडली तर फी परत. बाँडवर सही करण्याआधी दोन गोष्टी वाचायच्या, असे तो सांगतो. मुदत कोर्स सुरू झाल्यापासून मोजतात की संपल्यापासून; आणि तीन वर्षांत सहाही अभ्यासक्रम पुरे झाले नाहीत तर पैसे कुणाचे बुडतात. रोस्टर लावणाऱ्यालाही आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण परीक्षेच्या आठवड्यातच नाइट लागतात.