पदवीची घाई करू नकोस

परभणी,
१५ जून २०२५

चि. सोनू हिस,


तुझे पत्र आणि सोबतची वही, दोन्ही मिळाले. आठवी पास झालेल्या मुलीने बारावीचे कलन स्वतःच्या जोरावर उलगडले आहे, हे पानापानावर दिसते. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. नववी गाळायची, सतरा नंबरचा, म्हणजे शाळेबाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरून थेट दहावीला बसायचे, पुढे दोन पदव्या एकदम धरायच्या आणि विसाव्या वर्षी एम.एस्सी. होऊन मोकळे व्हायचे, असा बेत घरी चालला आहे. तू विचारतेस, "मामा, इतक्या लवकर डिग्री झाली तर पुढे नोकरी चांगली लागेल ना?"

उद्या शाळा उघडते आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. विषयात तुला झेपेल तितक्या वेगाने पुढे जा, पदवी मात्र तिच्या वयाला येऊ दे. असे का म्हणतो, ते नीट वाच आणि ताईला व दाजींनाही वाचून दाखव.

आधी नोकरीचेच बघू. आपल्याकडच्या बहुतेक वाटांवर वयाची पाटी लावलेली आहे. नीटसाठी १७ वर्षे पूर्ण लागतात. एमपीएससीच्या राज्यसेवेला १९, बँकेतल्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेला २०, यूपीएससीला २१ आणि वकिलीच्या सनदेलाही २१. अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय तुझ्या सहीच्या कराराला कायद्यात किंमत नाही, म्हणजे कंपनीतली नोकरीही तोवर अवघडच. पदवी दोन वर्षे आधी मिळाली, तर ही दोन वर्षे या पाट्यांपुढे उभे राहण्यात जातील.

वयाची अट नाही अशी वाट म्हणजे संशोधन आणि प्राध्यापकी. नेटच्या परीक्षेला खालची वयोमर्यादा नाही. पण आपल्या मराठवाड्यातली महाविद्यालये डोळ्यांपुढे आण. नेट झालेली, पीएच.डी. झालेली पस्तिशी-चाळिशीतली कितीतरी माणसे तासिका तत्त्वावर शिकवत आहेत आणि कायम पदाच्या जाहिरातीची वाट बघत आहेत. ती हुशार नाहीत असे नाही. पदवी असलेले पुष्कळ आहेत आणि जागा थोड्या. तू विसाव्या वर्षी त्या रांगेत आलीस, तरी रांग तीच राहील. तिथून पुढे नेते ते तुझे काम: कोणता प्रश्न सोडवलास, कोणता निबंध कुठे छापून आला आणि तुझ्या गाईडने शिफारसपत्रात काय लिहिले. त्या पत्रात वयाचा उल्लेख फार तर एका ओळीत येतो.

तुझ्या बाबांनी ज्यांचे नाव घेतले, त्या तथागत अवतार तुलसी यांच्याविषयी लिहितो. बिहारचा हा मुलगा पाटणा विद्यापीठातून दहाव्या वर्षी बी.एस्सी. आणि बाराव्या वर्षी एम.एस्सी. झाला. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून त्यांनी क्वांटम शोधप्रणालीवर २००९ मध्ये पीएच.डी. मिळवली, तेव्हा वय होते २१. २०१० मध्ये ते आपल्या मुंबईत, पवईच्या आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर झाले. नंतर प्रकृतीच्या कारणाने ते दीर्घ रजेवर गेले आणि २०१९ मध्ये त्यांची सेवा संपुष्टात आली. आजारपण कुणाच्याही वाट्याला येऊ शकते. त्यावरून त्यांना किंवा त्यांच्या बुद्धीला कुणी नावे ठेवू नयेत. तू फक्त मधला काळ पाहा. एम.एस्सी. बाराव्या वर्षी, पीएच.डी. एकविसाव्या. मध्ये ९ वर्षे गेली. परीक्षेचा अभ्यासक्रम पाठोपाठ उरकता येतो. संशोधनाचे तसे नाही. तिथे ज्याचे उत्तर कुणालाच ठाऊक नाही असा प्रश्न घेऊन बसावे लागते, आणि तो प्रश्न आपल्या वयाकडे पाहून लवकर सुटत नाही.

आता दुसरे उदाहरण. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर २० मे रोजी गेले. तू त्यांच्या विज्ञानकथा वाचल्या आहेसच. १९५७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ते बनारस हिंदू विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. म्हणजे कुठलाही विक्रम नाही. केंब्रिजला गेल्यावर, हातात पदवी असूनही, ते पुन्हा पदवीच्याच ट्रायपॉस परीक्षेला बसले आणि रँग्लर, म्हणजे गणितात पहिल्या वर्गाचे मानकरी, झाले. मग फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली १९६३ मध्ये पीएच.डी. आणि १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण. त्यांच्याही आधी कोकणातल्या मुर्डी गावच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी हेच केले होते. इथली पदवी हाती असून केंब्रिजला पुन्हा पदवीचा अभ्यास, आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लरचा मान मिळवणारा पहिला भारतीय. या दोघांनी पाया पक्का करण्यासाठी वेळ दिला आणि त्यामुळे त्यांचे काहीच मागे पडले नाही.

नारळीकरांच्या लहानपणीची एक हकिगत मला फार मोलाची वाटते. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिकण्यासाठी बनारसला त्यांच्याच घरी राहत. घरातल्या फळ्यावर ते भाच्यासाठी एक अवघड गणित लिहून ठेवत. भाच्याने ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते पुसले जात नसे. मुलाची इयत्ता बदलली नाही, दाखल्यावरची तारीख बदलली नाही, पण बुद्धीला रोज तिच्या ताकदीचे काम मिळत राहिले. तुला हवे आहे ते हेच.

तुझी आई म्हणते, शाळेत वेळ वाया जातो, मग शाळेचा कागद तरी कशाला? त्यावर मालविका जोशी या मुंबईच्या मुलीची गोष्ट सांगतो. तिच्या आईने तिला सातवीनंतर शाळेतून काढले आणि ती घरीच शिकू लागली. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके मिळवली. २०१६ मध्ये, सतराव्या वर्षी, अमेरिकेतल्या एमआयटीने तिला प्रवेश दिला. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटनेही तिची तयारी पाहून तिला एम.एस्सी.च्या पातळीवर घेतले होते. पण बारावीचे प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचे दार तिला बंद राहिले. यातून दोन गोष्टी घे. जगातल्या उत्तम संस्था वयापेक्षा काम पाहतात. आणि आपल्या देशात दहावी-बारावीचा कागद नसेल तर काही दारे उघडतच नाहीत. म्हणून तो कागद नियमाप्रमाणे मिळव. त्यासाठी तुला फार कष्टही पडणार नाहीत.

घाईत एक मोठे नुकसानही आहे, ते कुणी लक्षात घेतलेले दिसत नाही. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडला वीस वर्षांखालची आणि विद्यापीठात नाव न घातलेली मुलेच बसू शकतात. ज्या दिवशी तुझा कॉलेजच्या पदवीला प्रवेश होईल, त्या दिवशी ते दार बंद होईल. तुझ्यासारख्या मुलीसाठी शाळेची ही चार वर्षे फार मोलाची आहेत आणि तू तीच कमी करायला निघाली आहेस.

आता जे लिहितो ते मोठ्यांनी लक्ष देऊन वाचावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आपल्या परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. आपल्याकडे मुलीचे "शिक्षण झाले" म्हटले की दुसऱ्या दिवशी स्थळे यायला लागतात. विसाव्या वर्षी एम.एस्सी. झालीस, तर पाहुणेरावळे म्हणतील, आता शिकायचे काय राहिले? ज्या वेळी तू खऱ्या संशोधनाच्या उंबरठ्यावर असशील, त्याच वेळी तुझ्यावर लग्नाचा दबाव येईल. तुझे आईबाबा तसे नाहीत, हे मी जाणतो. पण भावकी आणि गाव यांचा रेटा काय असतो, हे ते जाणतात. शिक्षण चालू आहे, हे मुलीच्या हातातले फार मोठे संरक्षण आहे. ते लवकर सोडून देऊ नकोस.

प्रकृतीकडेही बघ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांचे एकविसावे वर्ष पूर्ण होत आले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. पण क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या आणि पदभार घ्यायचा राहूनच गेला. त्यांचा काळ वेगळा, हाल वेगळे. तरी झोप, जेवण आणि मैत्रिणींबरोबरचे खेळ यांना अभ्यासाइतकेच महत्त्व दे, एवढे मी तुला बजावतो.

मग इयत्ता कधीच गाळू नये का? तसेही नाही. ऑस्ट्रेलियाचा गणितज्ञ टेरेन्स टाओ याला लहानपणी ज्या विषयात तो जितका पुढे, त्या विषयापुरते तितक्या वरच्या वर्गात बसवत. नवव्या वर्षी तो विद्यापीठात गणिताच्या तासांना बसू लागला, पण शाळा सुटली नव्हती. विक्रमी वयात पदवी मिळवून देण्याची घाई घरच्यांनी केली नाही. विसाव्या-एकविसाव्या वर्षी त्याची प्रिन्स्टनची पीएच.डी. झाली आणि २००६ मध्ये गणितातले फील्ड्स पदक मिळाले. पुढे कधी तुझे मन वर्गात कोमेजू लागले आणि शिक्षकांनाही तसे वाटले, तर एखादे वर्ष पुढे जाण्याचा विचार आपण जरूर करू. पण तेव्हा कारण शिकण्याचे असले पाहिजे. वर्तमानपत्रातल्या फोटोचे नको, आणि क्लासच्या फ्लेक्सचे तर मुळीच नको. कुणी क्लासवाला तुझा फोटो लावायला मागत असेल, तर दाजींनी स्पष्ट नाही म्हणावे.

तू काय करायचे ते सांगतो. नववीच्या वर्गात बस. मराठी, इतिहास, इंग्रजी मन लावून शिक, कारण आपला विचार दुसऱ्याला समजेल असा लिहिता येणे हे गणितातही निम्मे काम असते. या वर्षी आयओक्यूएमला बस. ती आठवी ते बारावीच्या मुलांसाठी असलेली ऑलिम्पियाडची पहिली पायरी आहे. त्यापुढे प्रादेशिक परीक्षा, मग राष्ट्रीय, आणि त्यातून निवडलेल्या मुलांचे शिबिर भरते. राष्ट्रीय परीक्षेत चमकलेल्या मुलांना चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट थेट प्रवेश देते. वयाच्या विक्रमापेक्षा हा प्रवेश तुला कितीतरी दूर नेईल. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. तिथे ऑलिम्पियाडची तयारी करून घेतात. सुट्टीत आपण दोघे जाऊन भेटू. पदवीला गेलीस की एमटीटीएस या गणित-प्रशिक्षण उपक्रमाच्या उन्हाळी शिबिरांना अर्ज कर. देशभरातली गणितवेडी मुले तिथे भेटतील आणि ती आयुष्यभर सोबत करतील.

तुझ्या वहीत मला एक उणीव दिसली. उत्तरे बरोबर आहेत, पण ती का बरोबर आहेत हे तू लिहीत नाहीस. परीक्षेत ते खपून जाते, संशोधनात खपत नाही. आजपासून प्रत्येक पायरीचे कारण लिहायची सवय लाव. दर रविवारी मी तुला एक गणित पाठवीन. नुसते उत्तर नको, पूर्ण सिद्धता हवी. आठवडा लागो की महिना, मला घाई नाही.

सतरा नंबरचा फॉर्म बाजूला ठेवा, असे ताईला आणि दाजींना माझे कळकळीचे सांगणे आहे. आणि तुला पहिले गणित याच पत्रात देतो: १ ते १०० या संख्यांमधून कोणत्याही ५१ संख्या निवड. त्यांत एक संख्या दुसरीला निःशेष भागते अशी निदान एक जोडी असतेच, हे सिद्ध कर आणि मला लिहून पाठव.

तुझा,
मामा