एसी सुरू होत नाही तेव्हा : कारण शोधण्याची रीत

सुरतेचा उन्हाळा कसा असतो हे तुम्हांस सांगावयास नको. तापीकाठच्या या शहराला समुद्र जवळ असल्यामुळे येथील हवेत उष्णतेबरोबर आर्द्रताही पुष्कळ असते. घाम वाळला म्हणजे शरीर थंड होते. परंतु दमट हवेत तो लवकर वाळत नाही. म्हणून घरात एखादे वृद्ध माणूस, आजारी व्यक्ती किंवा तान्हे मूल असेल, तर वातानुकूलन यंत्र बंद पडणे ही नुसती गैरसोय राहत नाही. अशा वेळी ‘यंत्र बिघडले’ असा निर्णय आपण घाईने देतो. वास्तविक यंत्र सुरू न होण्याची कितीतरी कारणे यंत्राच्या बाहेर असतात. ती कोणत्या क्रमाने शोधावीत, आणि आपला शोध कोठे थांबवावा, हे या लेखात पाहू.

प्रथम यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगे व एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. या अडचणीवर विलिस कॅरियर या पंचविशीतल्या अभियंत्याने जो उपाय योजला, त्यातून आधुनिक वातानुकूलनाचा उगम झाला. हे यंत्र खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. ‘शीतक’ नावाचा पदार्थ घरातील भागात द्रवाचा वायू होताना उष्णता शोषून घेतो. बाहेरच्या भागातील कॉम्प्रेसर त्या वायूवर दाब देतो, आणि तेथे तो पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेरच्या हवेत सोडून देतो. कॉम्प्रेसर हे या यंत्राचे हृदयच होय.

आता शोधास आरंभ करू. पहिला प्रश्न असा की, घरात वीज आहे काय? हा प्रश्न भाबडा वाटेल. पण ज्या घरी इन्व्हर्टर आहे तेथे वीज गेली तरी दिवे व पंखे बॅटरीवर चालू राहतात. एसी मात्र बहुधा त्या जोडणीवर नसतो. दिवा लागलेला पाहून आपण वीज आहे असे मानतो आणि दोष यंत्राला देतो. तसेच पंखा नेहमीपेक्षा मंद फिरत असेल, तर विजेचा दाब कमी असण्याचा संभव आहे. आपल्या घरी हा दाब २३० व्होल्टच्या आसपास असावा लागतो. तो फार उतरला तर स्टॅबिलायझर यंत्राचा पुरवठा आपण होऊन तोडतो.

दुसरा प्रश्न : ती वीज यंत्रापर्यंत पोचते काय? दीड टनाचा एसी साधारणपणे सहा ते आठ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून त्याच्यासाठी स्वतंत्र एमसीबी व १६ अँपिअरचा मोठा प्लग असतो. एमसीबीचा खटका पडला असेल तर तो पूर्ण खाली ओढून एकदाच वर करावा. तो तत्काळ पुन्हा पडला, तर पुन्हा प्रयत्न करू नये. खटका आपल्याला इशारा देत आहे असे समजावे. काही घरांत गळणारी वीज ओळखणारा आणखी एक खटका असतो. अवघा ३० मिलिअँपिअर प्रवाह वाट चुकला तरी तो पुरवठा तोडतो. त्याच्यामुळे प्राण वाचतात. म्हणून तो बांधून वा अडकवून ठेवणे हा शुद्ध अविचार होय.

तिसरा प्रश्न : आपली आज्ञा यंत्राला पोचते काय? रिमोटमधील सेल संपले असतील. रिमोटच्या टोकातून निघणारे अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु पुष्कळशा मोबाईलच्या कॅमेऱ्यातून, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यातून, बटण दाबताच ते चमकताना दिसतात. हा सोपा प्रयोग तुम्ही अवश्य करून पाहा. टायमर लागलेला नाही ना, यंत्र केवळ पंख्यावर ठेवलेले नाही ना, हेही पाहावे. रिमोटवरील तापमान खोलीच्या तापमानापेक्षा अधिक असेल, तर कॉम्प्रेसर चालणारच नाही.

चौथा प्रश्न : यंत्र थांबून वाट तर पाहत नाही ना? कॉम्प्रेसर बंद होताच त्याच्या एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस कमी दाब उरतो. दोन्ही दाब समान होईपर्यंत त्याला सुरू करणे त्याच्यावर जुलूम करण्यासारखे आहे. म्हणून वीज परत आल्यावर पुष्कळ यंत्रे सुमारे तीन मिनिटे स्वस्थ राहतात. ज्याला हे ठाऊक नाही तो अधीरपणे पुनःपुन्हा बटण दाबीत बसतो.

एवढे पाहूनही यंत्र चालू झाले नाही, तर आपली सीमा आली असे समजावे. यंत्रावर एखादा दिवा लुकलुकत असेल वा अंक दिसत असेल, तर तो वहीत टिपून ठेवावा. दुरुस्त करणाऱ्यास त्याचा उपयोग होतो. आतील कपॅसिटर वीज बंद केल्यावरही विद्युतभार साठवून धरतो, म्हणून झाकण उघडू नये. गॅलरीबाहेर टांगलेल्या भागाकडे वाकूनही पाहू नये. जळका वास आला, प्लग काळवंडलेला दिसला, किंवा पावसाचे अथवा पुराचे पाणी यंत्रात शिरले असेल, तर मेन स्विच बंद करून जाणत्या माणसासच बोलवावे. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला इमारतीच्या आगीत बावीस जीव गेले, आणि त्यांतील बहुतेक तुमच्यासारखे शिकणारे होते. आगीचे मूळ शॉर्ट सर्किट असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. विजेचा इशारा दुर्लक्षिण्याजोगा नसतो, हे सुरतकरांनी तरी विसरू नये.

दुरुस्ती होईपर्यंत घरातील माणसांकडे पाहावे. वृद्धांना हवेशीर खोलीत पंख्याखाली बसवावे, अंग ओल्या कापडाने पुसावे, थोडे थोडे पाणी द्यावे. कोणी असंबद्ध बोलू लागले वा शुद्ध हरपली, तर यंत्राचा विचार सोडून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तात्पर्य, बाहेरून आत जावे, सोप्याकडून अवघडाकडे जावे, एका वेळी एकच गोष्ट तपासावी, आणि आपले ज्ञान जेथे संपते तेथे थांबावे. गणिताचे उत्तर चुकले असता पहिल्या पायरीपासून तपासणारा विद्यार्थी हेच करतो. ही रीत ज्याला साधली, त्याला कोणतेही यंत्र फार काळ परके राहणार नाही.