लोणच्याची पोळी होत नाही

प्रश्न : मुलुंड पूर्वेला आमचं पोळीभाजी केंद्र आहे. पाटीवरचं नाव पेंटरकाकांनी जाड, गोलसर अक्षरांत हाताने रंगवलंय. तोच आमचा लोगो. आता दरपत्रक आणि डब्यांवरची लेबलं छापायची आहेत. मुलगा म्हणतो, लोगोसारखाच फॉन्ट सगळीकडे लावू. छापखानेवाले चार वेगवेगळे फॉन्ट दाखवतात. बरोबर कोण?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : दोघंही नाहीत. लोणचं आवडतं म्हणून कुणी ताटभर वाढत नाही. ते डावीकडे, चमचाभरच. लोगोचं अक्षर तसं आहे. पोट भरतं ते साध्या पोळीने, म्हणजे मजकुराच्या अक्षराने.

याचा धडा तुमच्या मुलुंडमध्येच होता. अक्षररचनाकार कमल शेडगे (१९३५–२०२०) इथेच राहत. त्यांनी असंख्य मराठी नाटकांची नावं रेखाटली, प्रत्येक नाटकाच्या स्वभावाची. पण वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात आठवा. नाव रेखाटलेलं, खाली कलाकार, नाट्यगृह, प्रयोगाची वेळ मात्र साध्या टाइपात. वेळही नक्षीदार अक्षरात छापली असती तर प्रेक्षक तिसऱ्या घंटेनंतर पोहोचले असते.

मथळ्याच्या अक्षराने लोगोशी एकच नातं ठेवावं : जाडीचं किंवा वळणाचं. हुबेहूब नक्कल नको. ती शेजारी ठेवली की फसलेली वाटते. तुमची अक्षरं गोलसर आहेत, तर ‘सोमवारची भाजी’सारख्या मथळ्यांना ‘बलू २’ शोभेल. दरांना आणि बारीक मजकुराला ‘मुक्ता’ घ्या. त्यात बारीकपासून जाडपर्यंत सात वजनं आहेत. दोन्ही फॉन्ट मुंबईच्याच ‘एक टाइप’ या गटाचे, आणि धंद्यासाठीही मोफत वापरता येतात. रोमन अक्षरंही त्यांत आहेत. गुजराती गिऱ्हाइकांसाठी लेबल हवं असेल तर त्यांची भावंडं ‘बलू भाई २’ आणि ‘मुक्ता वाणी’ आहेतच. लोगोखेरीज दोन फॉन्ट पुरे. चार म्हणजे रुखवत.

फॉन्टची परीक्षा तुमच्याच पदार्थांवर घ्या. ‘शिरा’ आणि ‘लाडू’ छापून बघा : श आणि ल मराठी वळणाचे आले की हिंदी? बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय आपलं रूप उमटत नाही. मग ‘भाकऱ्या’ : यातला अर्धा र नीट जोडला गेला का? शेवटी ‘कुर्डई’ : खाली उकार, वर रफार. देवनागरी अशी वरखाली पसरते, म्हणून इंग्रजीइतकं ओळींमधलं अंतर तिला अपुरं पडतं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षर १० पॉइंटचं असेल तर ओळ १५ पॉइंटच्या आसपास ठेवा. आणि त्याच आकड्याचं देवनागरी अक्षर रोमन कॅपिटलशेजारी बहुधा लहान दिसतं. तेव्हा आकड्यावर न जाता डोळ्याने जुळवा.

पाटीवर इंग्रजी नाव जोडणार असाल तर एक ध्यानात ठेवा : २०२२च्या कायदादुरुस्तीनुसार दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी नाव आधी लिहावं लागतं, आणि ते दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही.

आता पेंटरकाकांचं अक्षर. त्याच्यासारखा फॉन्ट शोधत बसू नका. पाटीचा समोरून सरळ फोटो काढा आणि छापखान्यात त्यावरूनच आउटलाइन काढून घ्या. हाताने रंगवलेल्या नावात दोन काने सहसा सारखे नसतात. छापखानेवाले ते ‘दुरुस्त’ करायला निघाले, तर हात धरा.