कुलाबा 73, सांताक्रूझ 944

26 जुलै 2005. चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 73. मधल्या पट्ट्यात किती कोसळतोय, मिठी नदी कुठवर चढली आहे, हे वेळेत कळेल एवढी यंत्रं तेव्हा शहरात नव्हती. ‘बारावीनंतर काय?’ म्हणून येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना मी आधी हे दोन आकडे सांगते. शहरातल्या आपत्तीचा इशारा देण्याचं काम या आकड्यांतल्या फरकापाशी सुरू होतं.

पुढे महापालिकेने शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली. 2020 मध्ये केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालय आणि महापालिकेने मिळून ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-इशारा यंत्रणा सुरू केली. पावसाचा अंदाज, नदीची पातळी, जमिनीचा चढउतार आणि भरती एकत्र धरून पाणी कुठे तुंबेल हे ती आधी सांगू पाहते. भरतीचा हिशेब सोडून चालत नाही. समुद्र चढलेला असला की नाल्यांचं पाणी त्यात उतरत नाही. तोच पाऊस ओहोटीला पडला तर बराचसा वाहून जातो.

पालक लगेच विचारतात, “म्हणजे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच ना?” नाही हो. स्वयंचलित पर्जन्यमापकात पाण्याने भरली की कलंडणारी एक इवलीशी वाटी असते; किती वेळा कलंडली, त्यावरून पाऊस मोजतात. वरच्या नरसाळ्यात पाला अडकला की धो धो पावसातही आकडा शून्य दिसतो. पुढे कितीही हुशार प्रोग्रॅम असो, तो त्या शून्यावर विश्वास ठेवणार. म्हणून यंत्र उघडून दुरुस्त करणारा डिप्लोमावाला मला या साखळीत कुणाहून कमी वाटत नाही.

भौतिकशास्त्र-गणिताची गोडी असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणविज्ञानात एम.एस्सी. करता येतं. सिव्हिलवाल्यांनी जलशास्त्राकडे वळावं, भूगोलवाल्यांनी जीआयएस, म्हणजे संगणकीय नकाशांचं तंत्र, शिकावं. कला शाखेच्या मुलांना ‘टिस’मधला (टाटा समाजविज्ञान संस्था) आपत्ती अभ्यास आहे. तोही तितकाच गरजेचा, कारण रात्री दोन वाजता वस्तीतल्या आजींना समजेल आणि पटेल असा इशारा लिहिणं हे कसबाचं काम आहे. चांगलं मराठी इथे उपयोगी पडतं.

नोकरीचं मात्र स्पष्ट सांगते. हवामान खात्यातल्या वैज्ञानिक सहायकांच्या 990 जागांची जाहिरात कर्मचारी निवड आयोगाने 2022 मध्ये काढली. त्याआधीची 2017 ची. एवढ्या अंतराने येणाऱ्या एका परीक्षेवर मुलाचं आयुष्य टांगू नका. जलशास्त्र, जीआयएस, डेटा यातलं एक कौशल्य असं पक्कं करायला लावा, की धरणं, शेती, विमा, सल्लागार कंपन्या इथेही ते चालेल.

आणि प्रवेशाची घाई करण्याआधी एवढं करा. सरळ उभ्या कडांची, सपाट तळाची काचेची बरणी गच्चीवर, भिंतीपासून दूर ठेवा. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, त्याच वेळी मुलाने पट्टी लावून पाण्याची उंची वहीत लिहावी. शेजारी जवळच्या केंद्राचा आकडा. दोन्ही क्वचितच जुळतील. का जुळले नाहीत, हे तो आपणहून शोधतो की चौथ्या दिवशी बरणी विसरतो, तेवढं बघा. सप्टेंबरअखेर ती वही घेऊन या, मग शाखेचं बोलू.