गोष्ट, कुतूहल आणि खेळ: ‘गॉडली प्ले’ची पद्धत

जिज्ञासू: ‘गॉडली प्ले’ म्हणजे काय?

जाणकार: लहान मुलांना ख्रिस्ती धर्मकथांशी जोडणारी पद्धत. अमेरिकेतील धर्मगुरू जेरोम बेरीमन यांनी ती घडवली. याच नावाचे त्यांचे पुस्तक १९९१ साली निघाले. तिची मुळे मात्र रोममध्ये आहेत. शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली तिथे पहिले बालगृह सुरू केले. १९५४ पासून हिब्रूच्या अभ्यासक सोफिया काव्हालेत्ती आणि माँटेसरी-शिक्षिका जियाना गोब्बी यांनी माँटेसरींचीच शिक्षणतत्त्वे धर्मशिक्षणात आणली. बेरीमन यांनी इटलीत माँटेसरी प्रशिक्षण घेतले आणि काव्हालेत्तींच्या कामावर आपली पद्धत उभारली.

जिज्ञासू: वर्ग कसा चालतो?

जाणकार: मोठी माणसे दोनच. एक जण दाराशी थांबून प्रत्येक मुलाचे स्वागत करतो. मूल तयार असेल तेव्हा आत जाऊन जमिनीवरच्या गोलात बसते. गोष्ट सांगणाराही जमिनीवरच असतो. त्याला गोष्ट तोंडपाठ असते. ‘उत्तम मेंढपाळा’च्या दृष्टांतात सोनेरी पेटीतून हिरवे कापड निघते. त्यावर कुरण, निळे पाणी, काळोख्या जागा आणि मेंढवाडा मांडला जातो. मग मेंढपाळ आणि मेंढरे येतात. सांगणारा मुलांकडे न बघता हातातल्या वस्तूंकडे बघतो. त्यामुळे मुलांची नजरही त्याच्या चेहऱ्यावर न राहता गोष्टीवर टिकते.

जिज्ञासू: शेवटी तात्पर्य?

जाणकार: ते सांगितलेच जात नाही. त्याऐवजी मोठ्याने नवल केले जाते: या मेंढरांना नावे असतील का? ही काळोखी जागा खरोखर कुठली असेल? बायबलमधील इतर कथांनंतर कोणता भाग आवडला, कोणता सर्वांत महत्त्वाचा वाटला, गोष्टीत आपण स्वतः कुठे आहोत, असे विचारतात.

जिज्ञासू: मुलाने भलतेच उत्तर दिले तर?

जाणकार: ते दुरुस्त होत नाही. ‘शाब्बास’ही मिळत नाही, कारण एकाला शाबासकी मिळाली की बाकीची मुले तसेच उत्तर शोधू लागतात. सांगणारा प्रत्येक उत्तर सारख्याच गांभीर्याने ऐकतो.

जिज्ञासू: एवढ्या लहान वयात असा अर्थ शोधण्याची गरज असते का?

जाणकार: बेरीमन यांनी ह्यूस्टनमध्ये आजारी मुलांबरोबर काम केले होते. मृत्यू, एकटेपण, स्वातंत्र्याची धास्ती आणि जगण्याचा अर्थ हे चार प्रश्न मुलांनाही भिडतात, असे त्यांचे म्हणणे. ते बोलून दाखवायला मुलांकडे शब्द नसतात. काळोख्या जागेतले मेंढरू हाताने हलवताना ती भीती मांडता येते.

जिज्ञासू: मग खेळ हाच?

जाणकार: तो पुढे वाढतो. गोष्टीनंतर प्रत्येक मूल आपले काम निवडते: चित्र, माती किंवा गोष्टीचे साहित्य पुन्हा मांडणे. काय करायचे हे कोणी सांगत नाही. मग सगळे मिळून प्रार्थना आणि साधा खाऊ. निघताना एकेकाला आशीर्वाद मिळतो. जमणे, ऐकणे, प्रतिसाद देणे, वाटून खाणे आणि निरोप हा क्रम चर्चमधल्या उपासनेचाच आहे. मुले तो खेळता खेळता आत्मसात करतात.

जिज्ञासू: एवढ्या मोकळिकीत शिस्त कशी राहते?

जाणकार: चौकट पक्की असते. कथेचे शब्द ठरलेले, साहित्याची फळीवरची जागा ठरलेली आणि ते जपून हाताळण्याची रीतही ठरलेली. मोकळीक असते ती अर्थ लावण्यात आणि काम निवडण्यात. ‘तयार केलेले वातावरण’ हे माँटेसरींचे तत्त्व यामागे आहे.

जिज्ञासू: हे घरी, इतर धर्मांच्या कथांबाबत जमेल?

जाणकार: गॉडली प्लेचे साहित्य आणि कथा ख्रिस्ती आहेत. पण गोष्ट सावकाश सांगणे, नंतर थोडा वेळ गप्प राहणे आणि मुलाला ती पुन्हा खेळू देणे कोणत्याही परंपरेत शक्य आहे. अट एकच: ज्याचे उत्तर सांगणाऱ्याने आधीच ठरवून ठेवले आहे, असा प्रश्न विचारायचा नाही.