‘वाया गेलेले’ लेकरू?



वर्षभर वारंवार मारामारी, चोरी, घरातून पळणे चालले, तर तो ‘वर्तनविकार’ असू शकतो. आपण ओरडतो, मूल अधिक ओरडते. थकून आपण माघार घेतो. आरडाओरडीने सुटका होते, हे ते शिकते. मारल्याने राग तेवढा वाढतो.

आईवडिलांनी नियम मोजके व एकच ठेवावेत, शांतपणे सांगावेत, चांगले वागताच लगेच शाबासकी द्यावी. लेकरांना चिडवून खचवू नका, असे संत पौल बापांना बजावतो (कलस्सैकरांस ३:२१). तुरिनच्या तुरुंगातली मुले पाहून संत जॉन बॉस्को ह्यांनीही छडीऐवजी माया निवडली.

जुन्या शहरातल्या कुटुंबांनो, लाज न धरता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा ‘टेली-मानस’ला १४४१६ वर विनामूल्य फोन करा. शेजाऱ्यांनी नावे ठेवू नयेत. प्रार्थनेसह सोबतही द्यावी.