थिनर जाते कोठे?

मित्रांनो, काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी तुमच्यापैकी पुष्कळांनी आता फक्त जुन्या चित्रपटांतच पाहिली असेल. इटलीच्या फियाट ११०० या मोटारीच्या नमुन्यावर मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. १९७४ पासून तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. पुढे तिचे उत्पादन थांबले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली.

माझ्या वडिलांनी १९७८ साली घेतलेली अशीच एक पद्मिनी आमच्या घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये उभी आहे. वडील आता नाहीत. गाडी मात्र अजून चालते. तिचा निळा रंग उडाला होता आणि दारांच्या खालच्या कडांना गंज धरला होता. "कॉलेजात मुलांना पदार्थविज्ञान शिकवतोस, मग एवढे घरी जमणार नाही का?" असे आई म्हणाली आणि मी कंबर कसली.

जुलैतल्या एका दुपारी बॉनेटपासून सुरुवात केली. पावसाचे शिंतोडे आत यायला नकोत म्हणून दार आणि खिडकी बंद करून घेतली. स्प्रे गनमधून निळा रंग कसा छान बसत होता! पण पाच मिनिटांनी पाहतो तो काय, निळ्या रंगावर दुधाची साय धरावी तसा पांढुरका थर! मी कपाळाला हात लावून उभा होतो, तोच आई दार उघडून आत आली. आमच्या पाण्याच्या पंपाचे बटण तेव्हा त्या गॅरेजच्याच भिंतीवर होते. तिने बटणाकडे हात नेला आणि मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "आई, बटण दाबू नकोस!"

बॉनेट पांढरे का झाले? आणि मी ओरडलो का? या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकाच प्रश्नात आहे. रंगातले थिनर जाते कोठे?

रंगाच्या डब्यात काय असते?

मोटारीच्या रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली, रंगद्रव्याची बारीक पूड. दुसरी, ही पूड पत्र्याला धरून ठेवणारा राळेसारखा बंधक पदार्थ. तिसरी, या दोघांना पातळ करणारा द्रव, म्हणजेच थिनर. पहिल्या दोन गोष्टी गाडीवर राहतात. थिनरचे काम फक्त त्यांना तेथवर पोहोचवण्याचे. काम झाले की त्याने निघून जायचे.

मी वापरला तो नायट्रोसेल्युलोजचा रंग. आपले कारागीर याला 'एनसी' किंवा 'ड्यूको' म्हणतात. ड्यूको हे मूळचे एका अमेरिकन रंगाचे व्यापारी नाव. १९२४ सालच्या ओकलंड मोटारींना हा रंग दिला गेला. त्यापूर्वी ब्रशने दिलेली रंग-वॉर्निशची पुटे वाळायला कित्येक आठवडे लागत. हा नवा रंग मात्र काही मिनिटांत हाताला कोरडा लागू लागला. कारण उघड आहे. त्यात कोणतीही रासायनिक क्रिया पूर्ण व्हायची नसते. थिनर उडून गेले की रंग वाळला!

आधी पत्रा, मग रंग

थिनरच्या मागे लागण्यापूर्वी पत्र्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असते. त्यामुळे रंगाखाली गंजाचा एवढासा ठिपका राहिला, तरी तो फुगून वरचा रंग उचलून टाकतो. म्हणून आधी पॉलिश पेपरने गंज पूर्ण घासून काढायचा, नंतर प्रायमर लावायचा, खड्ड्यांत पुट्टी भरायची आणि पुन्हा घासायचे. हे घासणे पाणी लावून वॉटर पेपरने करतात, कारण जुन्या रंगात शिशाची संयुगे असू शकतात आणि त्यांची धूळ श्वासात जाणे वाईट. माझ्या एकूण कामाचे दहा भाग केले, तर नऊ भाग या घासण्यातच गेले.

पत्रा खरोखर स्वच्छ झाला की नाही हे कसे ओळखायचे? त्यावर पाणी ओतायचे. पाण्याचा अखंड पातळ पडदा टिकला तर पत्रा स्वच्छ. पडदा फाटून थेंब झाले तर तेथे तेलकटपणा आहे असे समजायचे. खोबरेल लावलेल्या केसांवरून फिरवलेला हात पत्र्याला लागला, तरी एवढे होते. अशा जागी पृष्ठताणामुळे ओला रंगसुद्धा मागे सरतो आणि वाटोळे डाग पडतात.

हवेतला प्रवास

आता गनचा घोडा दाबू. हवेच्या झोतामुळे रंगाचे सूक्ष्म थेंब होतात. एका थेंबाचा व्यास ०.०४ मिलिमीटर धरला, तर एक लिटर रंगाचे किती थेंब होतील? सुमारे तीन हजार कोटी! त्याहून गंमत त्यांच्या पृष्ठफळाची आहे. एक लिटर रंगाचा एकच गोळा केला, तर त्याचे पृष्ठफळ जेमतेम ०.०५ चौरस मीटर भरते. थेंबांचे एकूण पृष्ठफळ मात्र १५० चौरस मीटर होते, म्हणजे तीन हजार पट.

बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते हे तुम्ही शिकला आहात. म्हणजे पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच बरेचसे थिनर हवेत उडून जाते. गन फार लांब धरली तर थेंब वाटेतच सुकतात आणि पत्र्यावर नुसती पूड बसते. फार जवळ धरली तर रंग जास्त ओला राहून ओघळतो. सुमारे एक वीत अंतर ठीक पडते. थेंब दाट असतील आणि ते एकमेकांत मिसळून सपाट होण्याआधीच थिनर उडाले, तर रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो.

ओघळांचेही एक गणित आहे. उभ्या पत्र्यावरचा ओला थर गुरुत्वाकर्षणामुळे खाली सरकू पाहतो आणि रंगाची श्यानता, म्हणजे त्याचा दाटपणा, त्याला अडवते. पत्र्याला लागून असलेला रंग जागचा हलत नाही. बाहेरच्या पृष्ठभागाचा वेग थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि खाली वाहणाऱ्या रंगाचे प्रमाण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे थर दुप्पट जाड दिला की रंग दुप्पट नव्हे, आठपट ओघळतो! म्हणून शहाणा रंगारी एक जाड थर न देता पाच-सहा पातळ थर देतो.

पत्र्यावरचे दव

आता बॉनेटच्या पांढऱ्या सायीकडे येऊ. द्रवाची वाफ व्हायला सुप्त उष्णता लागते. थिनर ही उष्णता ओल्या रंगातून आणि पत्र्यातून घेते. त्यामुळे पत्रा थंड होतो. हाताला स्पिरिट लावल्यावर गार वाटते ना, तसेच.

पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत, कारण हवेत आधीच पाण्याची भरपूर वाफ असते. पण त्या हवेत थिनरची वाफ थोडीच असते? त्यामुळे थिनर पावसाळ्यातही जोरात उडते आणि पत्र्याला थंड करते. त्या दुपारी तापमान २६ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के होती. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २३ अंश असतो. म्हणजे पत्रा जेमतेम तीन अंशांनी थंड झाला की त्यावर दव पडणार! हे पाणी ओल्या रंगात शिरले. नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही. ते साक्याच्या रूपाने बाहेर पडले. त्याच्या सूक्ष्म कणांनी सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखुरला, म्हणून निळ्या बॉनेटवर पांढरी साय दिसली.

आता जानेवारीतली दुपार घ्या. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ३५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे ११ अंशांवर उतरतो. पत्रा १७ अंशांनी थंड झाला तरच दव पडेल आणि तेवढा तो होत नाही. रंग तोच, गन तीच, रंगारीही तोच. बदलला तो फक्त दवबिंदू!

खोलीतली वाफ

राहिला दुसरा प्रश्न. मी ओरडलो का?

पत्र्यावरून उडालेले थिनर नाहीसे होत नाही. ते खोलीतच असते. थिनर अनेक द्रवांचे मिश्रण असते. सोयीसाठी ते सगळे टोल्युइन आहे असे समजू. टोल्युइनचा रेणुभार ९२ आहे आणि हवेचा सरासरी रेणुभार २९. म्हणजे ही वाफ हवेच्या तिपटीहून जड आहे. ती वर न जाता जमिनीलगत साचू पाहते. हवेत तिचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास पोहोचले की एक ठिणगी पुरते आणि स्फोट होतो.

आता आमच्या गॅरेजचे गणित करू. ते ५.५ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच आहे, म्हणजे आतली हवा सुमारे ४० घनमीटर. तिच्या सव्वा टक्का म्हणजे अर्धा घनमीटर वाफ. एवढी वाफ व्हायला टोल्युइन किती लागते? अवघे दोन लिटर! ते सगळ्या खोलीत सारखे पसरले तर दोन लिटर. जमिनीलगतच्या ६० सेंटिमीटरच्या थरातच साचले, तर अर्धा लिटर पुरे. मी त्या दुपारी जवळपास तेवढेच वापरले होते, आणि तेही दार-खिडकी लावून. पंपाचे बटण दाबताना आत बारीकशी ठिणगी पडते. ती आपल्याला दिसत नाही, पण वाफेला तेवढी पुरते.

हे गणित मी त्या रात्री कागदावर केले तेव्हा अंगावर काटा आला. ही सूत्रे मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. ती माझ्याच गॅरेजला लागू पडतात, हे मात्र आईचा हात बटणाकडे जाईपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

आणखी एक धोका सांगायला हवा. आजकाल गाड्यांना दोन डब्यांतले द्रव मिसळून केलेला पॉलियुरेथेन रंग देतात. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि योग्य खोली असल्याशिवाय तो फवारायचा नसतो. म्हणून मी घरी त्याच्या वाटेला गेलो नाही. एनसी रंगालासुद्धा कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो. कापडी मुखपट्टीतून वाफ सहज आरपार जाते. तेव्हा घरात कोणी गाडी रंगवत असेल, तर तुम्ही घासायला जरूर हात लावा, पण फवारणीच्या वेळी लांब राहा. आणि आधी विचारा, "दार-खिडक्या उघड्या आहेत ना? मुख्य स्विच बंद आहे ना?"

पुढे काय झाले?

पंपाचे बटण मी इलेक्ट्रिशियनकडून बाहेरच्या भिंतीवर हलवून घेतले. कॉम्प्रेसरही अंगणात ठेवला. बॉनेट पुन्हा घासले आणि जानेवारीची वाट पाहिली. मग समोरासमोरचे दार आणि खिडकी सताड उघडून, गॅरेजची वीज तोडून, दिवसाच्या उजेडात सहा पातळ थर दिले. थोडी धूळ बसली, पण ती २००० नंबरच्या वॉटर पेपरने आणि पॉलिशने निघाली. डाव्या दारावर एक ओघळ राहिलाच. जाडीच्या घनाचा नियम मी तेथे क्षणभर विसरलो होतो! संध्याकाळी वीज जोडून ट्यूबलाइट लावला. बॉनेटमध्ये त्याचे प्रतिबिंब सरळ रेघेसारखे दिसले. आई बराच वेळ गाडीभोवती फिरत होती. मग म्हणाली, "आणली तेव्हा अशीच दिसत होती."

करून पाहा

रंगकामाचा दिवस ठरवण्यासाठी मी जे केले ते तुम्हीही करू शकता. बाहेरून चकचकीत असलेला स्टीलचा पेला घ्या. त्यात साधे पाणी भरा, तापमापी ठेवा आणि बर्फाचे लहान तुकडे एकेक करून टाकत ढवळत राहा. पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर पहिल्यांदा धुके दिसेल त्या क्षणीचे तापमान टिपा. तोच त्या दिवशीचा दवबिंदू. शेजारी हवेचे तापमानही लिहा. आठवड्यातून एकदा अशी नोंद वर्षभर ठेवा आणि दोन्हींचा आलेख काढा. दोन रेषांमधले अंतर कोणत्या महिन्यात सर्वांत कमी असते? आणि जुनी गाडी रंगवायला तुमच्या गावी कोणता महिना उत्तम?